हिरवा म्हणजे बंद

आमच्या गल्लीतली नसीम दुसऱ्यांच्या वतीने माफी मागत फिरायची. दुसऱ्यांच्या म्हणजे माणसांच्या नव्हे. दाराच्या, नळाच्या, लिफ्टच्या बटणाच्या. बँकेचं दार ढकलायच्या ऐवजी कोणी ओढत उभा राहिला की ही पुढे होऊन म्हणणार, “माफ करा हां, तुमचं काही चुकलं नाही. हे दारच वाईट बनवलंय.” जणू काही ते दार हिच्या वडिलांनीच रंधा मारून बसवलं होतं! समोरचा माणूस आधी चपापायचा, मग हसायचा. एका गृहस्थांना वाटलं ही आपली टिंगल करतेय, तर ते तिच्यावर असे काही उखडले की मला मध्ये पडावं लागलं.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा लोंढा येतो. आमची गल्ली तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्या दिवसांत आम्हा सगळ्यांच्या दारात पाण्याची पिंपं भरलेली असतात. एका वर्षी कोणा उत्साही मंडळाने स्टीलची मोठी टाकी आणून ठेवली आणि तिला दाबायचे नळ बसवले. दाबलं की पाणी, सोडलं की बंद. लांबून आलेल्या, पांढरं पातळ नेसलेल्या एक आजी तो नळ पिळत होत्या. इकडे पिळला, तिकडे पिळला. मागची पोरं “ओ आजी, दाबा, दाबा” करून ओरडायला लागली. आजी ओशाळल्या आणि रिकामा तांब्या घेऊन रांगेतून बाजूला झाल्या. नसीम धावत गेली, माफी मागितली, तांब्या भरून दिला. आजी खूश. पण ही परत आली ती लाल डोळे घेऊन.

“या तळ्यावर, भाऊ! या तळ्यावर येऊन माणसाला पाणी घ्यायची लाज वाटली!”

मग तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ‘दाबा’ लिहून पाटी लावली. तरी लोक पिळतच होते. दुपारी प्लंबर बोलावून तिने सगळे नळ काढून साधे फिरवायचे बसवून घेतले. मंडळाचा अध्यक्ष चिडला. ही त्याला म्हणाली, “पाटी लावावी लागली म्हणजे नळ हरला.” मी तिला चिडवलं, “परदेशात जाऊन पीएच.डी. केलीस आणि इथे येऊन नळ बदलतेस होय?” तर म्हणाली, “माझी पीएच.डी. यावरच आहे. तुला वाटलं काय?”

तिचं खरं काम काय हे गल्लीला कधीच कळलं नाही. कॉम्प्युटरची शास्त्रज्ञ एवढंच माहीत. त्यामुळे ती सुट्टीवर आली की लोक बंद पडलेले प्रिंटर काखेत मारून हजर. तिला प्रिंटरमधलं ओ की ठो कळायचं नाही. ती भिंतीवरून मला हाक मारायची. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात. गेज, सेन्सर, वायरी यांच्यातच माझी हयात गेली. मी प्रिंटर उघडायचो आणि ती चहा करायची. चहा मात्र भयंकर करायची.

एकदा मी सरळ विचारलं, बाई, तू करतेस तरी काय? तेव्हा तिने सांगितलं की कॉम्प्युटर टेबलावरून उतरवायचा आणि भिंतीत, दिव्यात, पलंगात घालायचा. इतका की माणसाला तो आहे हे आठवूसुद्धा नये. विजेचं बटण दाबताना आपण वीज आठवतो का, तसं. आणि दुसरं काम म्हणजे, माणूस आणि यंत्र समोरासमोर आले की कोण कुठे अडखळतं ते बघत बसायचं. मी म्हटलं, “दिसतच नसेल तर बिघडल्यावर शोधायचा कुठे?” ती इतकी हसली की तिच्या अम्मी आतून बघायला आल्या.

तिचे वडील हसनभाई ट्रक चालवायचे. पुढे दोन-तीन ट्रक झाले, पण स्टिअरिंग सोडलं नाही. माल घेऊन खेड-चिपळूणकडे जायचे, म्हणजे कशेडीचा घाट नेहमीचाच. शाळेला सुट्टी लागली की नसीम केबिनमध्ये. ट्रकच्या डॅशबोर्डावर एक लाल दिवा कायम पेटलेला असायचा, काहीही बिघडलेलं नसताना. हसनभाईंनी त्यावर बायकोच्या मेंदीची रिकामी पाकिटं चिकटवून टाकली होती. पुढे खरंच इंजिन तापलं तेव्हा दिवा पाकिटामागे पेटला आणि बापलेक घाटात धूर काढत उभे राहिले. नसीम हे परदेशात प्रत्येक वर्गात सांगायची म्हणे. पोरांना वाटायचं, बाई वडिलांची गंमत सांगतेय. ती शेवटी सांगायची, “सारखा पेटणारा दिवा बसवणारा मूर्ख. माझे अब्बा नव्हेत.” वडिलांविरुद्ध एक शब्द ऐकून घ्यायची नाही.

हसनभाई गेले आणि अम्मी एकट्या राहिल्या, तेव्हा ती कायमची महाडला परतली. पुण्यातल्या एका संस्थेत आठवड्यातून काही दिवस शिकवायची, बाकीचं काम लॅपटॉपवर. आल्या आल्या तिने घरात आपलं शास्त्र घुसवलं. अम्मी पलंगावरून उठल्या की दिवा आपोआप लागायचा, न्हाणीघराशी गेल्या की तिथला लागायचा, गॅस विसरला की आवाज यायचा. तारा ओढायला मीच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

“सकपाळा, काढ बाबा ते. मी कूस बदलली का दिवा लागतो. मेला माझ्यावर नजर ठेवून हाय. माझ्या घरात मी चोर हाय का?”

मला वाटलं आता मायलेकीचं वाजणार. कसलं काय! नसीम स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आली. “अम्मी पास, मी नापास,” म्हणाली आणि सेन्सरची एकेक डबी उतरवून टोपलीत टाकली. याच डब्यांवर तिने परदेशात मोठमोठी भाषणं दिली होती. मी असतो तर आईला समजावलं असतं, थोडा आरडाओरडा केला असता. हिला अपमान वाटलाच नाही. उलट अम्मींना समोर बसवून विचारत राहिली, नेमकं केव्हा वाईट वाटलं, दिवा लागल्यावर की लागायच्या आधी? अम्मींनी शेवटी कपाळावर हात मारून घेतला.

आता बाळूदादांचं सांगतो.

बाळकृष्ण उतेकर, आमचे कंट्रोल रूममधले सगळ्यांत जुने ऑपरेटर. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका गावातले. कमी बोलणारा, पान खाणारा, तोंडातून खोटा शब्द न निघणारा माणूस. त्यांच्याच गावचा फिटर अनंता रोज त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून कामाला यायचा. गावात दोघांची घरं समोरासमोर.

आमच्याकडे पूर्वी भिंतभर लोखंडी पॅनेल होतं, दिव्यांचं. त्यात लाल म्हणजे व्हॉल्व उघडा: सावध राहा, आतून काहीतरी वाहतंय. हिरवा म्हणजे बंद. बाळूदादांची उमेदीची सगळी वर्षं त्या पॅनेलसमोर गेली. मग पॅनेल भंगारात गेलं आणि मोठे स्क्रीन आले. स्क्रीनवर बरोबर उलटं: हिरवा म्हणजे वाहतंय, लाल म्हणजे थांबलंय, रस्त्यावरच्या सिग्नलसारखं. एका दुपारी ट्रेनिंग झालं. सगळ्यांनी समोसे खाल्ले, सह्या केल्या, झालं. काही महिने सुरळीत गेले. बाळूदादा मला म्हणायचे, “सकपाळ, रोज डोक्यात उलटं करून बघायला लागतंय रे.” मी म्हणायचो, होईल सवय.

त्या पावसाळ्यात कशेडीत दरड आली आणि खेडकडून येणारा पुढच्या पाळीचा ऑपरेटर पलीकडेच अडकला. बाळूदादा आपली पाळी संपवून दुसऱ्या पाळीला तसेच बसले. खाली अनंता गरम पाण्याच्या लाइनचा जोड खोलायला गेला. नियमाने व्हॉल्वला टाळं लावून, चिठ्ठी बांधून मग खोलायचं. पण टाळी कधीची गायब होती आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. अनंताने वॉकीटॉकीवर विचारलं, “बाळूदादा, व्हॉल्व बंद हाय ना?” दमलेल्या डोळ्यांनी दादांनी स्क्रीनवर बघितलं. हिरवा. “बंद हाय. खोल,” म्हणाले.

अनंताचा हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशी बसली. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर बाळूदादा घरी, हे उघड होतं. युनियनचे लोक समजावून थकले, की अहो, टाळ्याचं बोला, ट्रेनिंगचं बोला, डबल पाळीचं बोला. दादांचं एकच. “डोळं माझं, तोंड माझं. मी बंद म्हनालो. चूक माझी हाय.” नोकरीपेक्षा त्यांना दुसरंच खात होतं. समोरच्या घरात अनंता हाताला पट्ट्या बांधून ओट्यावर बसलेला, आणि हे मागच्या दाराने ये-जा करायला लागले होते.

मला राहवेना. नसीमला म्हटलं, तू जन्मभर लोकांना सांगतेस ना, तुमची चूक नाही म्हणून? चल, इथे सांग. मॅनेजरने आनंदाने परवानगी दिली. परदेशात नाव कमावलेली बाई कारखाना बघायला येते म्हणजे त्याची कॉलर ताठ. ती आली, घडीचं स्टूल मांडून ऑपरेटरांच्या मागे बसली. “मी नाहीच असं समजा,” म्हणाली. पहिल्या दिवशी बऱ्याच वेळाने उठून अगदी स्क्रीनजवळ गेली, व्हॉल्वच्या चित्रावर बोट ठेवलं आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली.

बाहेर गेटासमोरच्या टपरीवर तिने चहाला तोंड लावलं नाही.

“भाऊ, हे चित्र मी काढलंय. रंग मी निवडलेत.”

तरुणपणी ती परदेशात ज्या लॅबमध्ये होती, तिथे हा स्क्रीन बनवणारी कंपनी आली होती. कारखान्याचा स्क्रीन कोणालाही बघताक्षणी कळला पाहिजे, असं काम होतं. नसीमने लोकांना बसवून रंग तपासले. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे थांबा. एकूण एक जण बरोबर. त्यावर तिचा निबंध छापून आला, बक्षीस मिळालं, तिचं नाव झालं ते त्यातूनच. “सगळी कॉलेजची पोरं होती. जुन्या पॅनेलसमोर आयुष्य काढलेला एक माणूस मी शोधला नाही. मी महाडची! अब्बांचे निम्मे दोस्त या वसाहतीत. एक फोन केला असता तरी कळलं असतं.”

मी म्हटलं, “कोणाला सांगू नकोस. ट्रेनिंगवर ढकलू, डबल पाळीवर ढकलू.” कारण मला एक गोष्ट माहीत होती. तीच कंपनी पुण्यात तिच्यासाठी मोठी प्रयोगशाळा उभी करत होती. नसीम तिची प्रमुख होणार म्हणून अम्मींचे गल्लीत पेढे वाटून झाले होते.

ती माझ्यावर जवळजवळ ओरडलीच. “आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की चूक तुमची नाही. कोणाची ते मला कधी माहीत नसायचं. आज माहीत आहे, तर गप्प बसू?”

चौकशीला बाहेरचे एक वयस्कर वकील अधिकारी म्हणून बसले होते. पॅनेल कधी बदललं, कसं बदललं हे सांगायला मी होतो. एका कोपऱ्यात अनंता, गळ्यात हात अडकवून. नसीम उभी राहिली. रंग कोणी निवडले, का निवडले, कोणाला विचारलं नाही, सगळं सांगून टाकलं. मग बाळूदादांकडे वळली.

“दादा, हिरवा म्हणजे बंद हे तुम्हाला कोणी शिकवलं? याच कारखान्याने ना? तुम्ही शिकवलं तसे वागलात. ते मी बदललं आणि तुम्हाला विचारलं नाही. मला माफ करा.” आणि लगेच म्हणाली, “ही माफी माझी स्वतःची आहे.”

बाळूदादा ताडकन उठले. “नाय नाय साहेब, म्याडम उगाच अंगावर घेतायत. त्या हितं नव्हत्या. मी होतो.”

“मी नव्हते हीच तर चूक!”

“तुमी शिकलेली मानसं, तुमाला काय करायचंय आमच्या भानगडीत?”

“दादा, भानगड माझी आहे!”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अहो, माझ्या उभ्या वकिलीत चूक नाकारणारी माणसं बघितली. चुकीवरून भांडणारी आजच बघतोय. बसा बघू दोघंही.” मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. त्याला गायब टाळ्यांची आठवण आली असावी.

“मला कोन इचारनार हाय का?” कोपऱ्यातून अनंता म्हणाला.

वकीलसाहेबांनी हातानेच त्याला बोलायची खूण केली.

“मी कामाला लागलो तवापासनं दादालाच इचारतो. तो बंद म्हनतो, मी खोलतो. आजवर इतक्या येळा खोललं, कधी मला खरचटलं नाय. येकदा भाजलो. त्याचा सोताचा मुलगा भाजल्यागत तो माझ्या दारावरनं तोंड लपवून जातो, ते मला हातापरीस जास्त दुखतंय. साहेब, हात बरा झाला का मी कामावर येनार. तवाबी दादालाच इचारनार. तो नसंल तर मी खोलनार नाय. लिवून घ्या.”

बाळूदादांनी टोपी काढून तोंडावर धरली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला?

बाळूदादांची नोकरी राहिली. समज देऊन सोडलं. व्हॉल्वची टाळी नवीन आली, गुपचूप. नसीमच्या प्रयोगशाळेचं मात्र जे व्हायचं ते झालं. कंपनीने रागाचा एक शब्द लिहिला नाही, फक्त तिच्या निरोपांना उत्तर येणं थांबलं आणि उद्घाटनाला प्रमुख म्हणून दुसरंच कोणी उभं होतं. आम्ही फोटो बघितला. “बरं दिसतंय जॅकेट,” एवढंच ती म्हणाली. अम्मी चिडल्या. पेढे परत मागता येत नाहीत, म्हणाल्या. आता मायलेकी पुण्यात असतात. नसीम एका साध्या कॉलेजात शिकवते आणि वर्गाला पहिल्याच दिवशी स्वतःची ही चूक सांगते, असं तिच्या एका विद्यार्थिनीकडून कळलं. शेजारचं घर बंद असतं. मी अधूनमधून झाडून घेतो.

जायच्या आधी तिचं एक काम राहिलं होतं. स्क्रीनचे रंग लगेच बदलणं आमच्या हातात नव्हतं, म्हणून प्रत्येक व्हॉल्वखाली मराठीत मोठ्या अक्षरात ‘उघडा’, ‘बंद’ असं लिहून येईल एवढी सोय तिने आमच्याकडून करून घेतली. मी म्हटलं, “पाटी का गं?” म्हणाली, “हो. हरले.” अक्षरं केवढी हवीत ते बाळूदादांनी ठरवलं. पण खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते. अनंता कामावर आला त्या दिवशी बसले.

त्या दुपारी मी आणि नसीम कंट्रोल रूममध्येच होतो. वॉकीटॉकी खरखरला.

“बाळूदादा, वरचा व्हॉल्व बंद हाय ना?”

स्क्रीनवर स्वच्छ ‘बंद’ लिहिलेलं होतं. दादांनी ते वाचलं. अक्षरांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मी तोंड उघडणार तोच नसीमने माझं मनगट धरलं.

“अनंता,” दादा म्हणाले, “थांब. मी येतो खाली.”

ते उठून चालायलाच लागले. मॅनेजर हताश होऊन बघत राहिला. एवढा खटाटोप केला, आणि माणूस स्क्रीन सोडून निघाला! नसीम मात्र घाईघाईने हेल्मेट शोधत होती. मिळालं ते भलतंच मोठं, ओढणीवरून घातलेलं, भुवयांपर्यंत उतरलेलं. तशीच ती लोखंडी जिना उतरून त्यांच्या मागोमाग गेली.

दादांनी व्हॉल्वचं चाक दोन्ही हातांनी बंदच्या बाजूला फिरवून बघितलं. हललं नाही. टाळं ओढून बघितलं. “बंद हाय,” म्हणाले. अनंताने पाना उचलला.

“एक मिनिट,” नसीम म्हणाली. ती पुढे झाली, चाक दोन्ही हातांनी धरलं, सगळा जोर लावून बंदच्या बाजूला फिरवलं. ते जागचं हललं नाही. ती ते धरून उभी राहिली. “चित्र काढलं त्याला किती वर्षं झाली,” म्हणाली. “हात आज लावला.”

मग बाजूला झाली. अनंताने बोल्ट सैल केले, जोड उघडला. थेंबसुद्धा आला नाही. बाळूदादा तिथेच पायरीवर मटकन बसले आणि पोरासारखे रडायला लागले. आणि नसीम त्यांच्या शेजारी बसली, ते हेल्मेट तसंच डोक्यावर, ग्रीस लागलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून.